रुखवतात गेलेली मशीन

आमची शिलाई मशीन ताईच्या लग्नात चोरीला गेली, असं मी म्हटलं की ताई अजूनही फोनवर मला दुरुस्त करते. चोरीला नाही, रुखवतात गेली, म्हणते. मला त्या दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. चोरी झाली असती तर निदान पोलीस चौकीवर जाऊन बोंब तरी मारता आली असती. इथे आमच्याच माणसांनी मशीन पुसून, हार घालून, दिव्यांच्या माळेखाली मांडली आणि दुसऱ्यांच्या पोरांनी ती आमच्या डोळ्यांदेखत उचलून टेम्पोत टाकली. माझी साठी उलटली, त्या लग्नातली निम्मी माणसं आज हयात नाहीत, तरी तो टेम्पो मी अजून विसरलेले नाही.

मशीन आमच्या घरात आईबरोबर आली होती. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आईची एक मावशी राहायची. तिच्या शेजारची मडम, गार्डसाहेबाची बायको, कायमची परदेशी मुलाकडे निघाली तेव्हा तिने घरातलं सामान शेजाऱ्यांत वाटून टाकलं आणि मावशीच्या वाट्याला ही मशीन आली. मावशीने ती आईला लग्नात दिली. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेल, खाली लोखंडी जाळीचं पायडल आणि चाकाला चामड्याचा पट्टा. कंपनीचं नाव केव्हाच पुसून गेलं होतं, म्हणून आम्ही तिला मडमची मशीन म्हणायचो. आईचा डावा तळवा जिथे टेकायचा तिथली वेलही पुसून गेली होती आणि तेवढा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता. वर्तकनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असायची, त्यामुळे घराला फोडणीचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास होता. माझ्या लग्नानंतर कितीतरी दिवस मला सासरचा स्वयंपाक अळणी लागायचा तो बहुधा त्या तेलावाचून.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता बाबा कायमचे घरी बसले आणि आई मशीनवर बसली. आधी शेजारणींचे परकर, मग ब्लाउज, मग लग्नसराईत नवरीचे सगळे, अस्तराचे, कटोरीचे, जे सांगाल ते. सकाळचा चहा झाला की आई खिडकीशी बसायची आणि बाबा गॅसपाशी उभे राहायचे. बाबांच्या आमटीत गूळ नेहमी जास्त पडायचा. त्यावर कोणी बोललेलं आईला चालायचं नाही. जाड कापडावर मशीन खडखड करायची, अस्तरावर सरसर धावायची, आणि आई कुणावर चिडलेली असली तर तुटक तुटक, थांबत थांबत. शाळेतून आल्यावर जिन्यातच आवाज ऐकून ताई आणि मी ठरवायचो की आज आत गेल्यावर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही.

घरात कडक म्हणावा असा एकच नियम होता. ताईने आणि मी मशीनला हात लावायचा नाही. पुसायची असली तर बाबा पुसणार, तेल बाबा घालणार. एकदा मी बाहुलीला झगा शिवायला म्हणून स्टुलावर चढले, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की मी परत त्या वाटेला गेले नाही. परीक्षेला अवकाश असला तरी हातात पुस्तक पाहिजे, निदान पेपर तरी. मशीन माझी आहे, तुम्ही आपापलं बघा, असं ती म्हणायची आणि आम्हाला वाटायचं की आई मशीनच्या बाबतीत जरा हावरटच आहे. परिणाम असा झाला की ताई बी.कॉम. झाली, टायपिंगच्या परीक्षा पास झाली, पण तुटलेलं बटणसुद्धा आईकडे आणून द्यायची.

ताईला बघायला ठाकुर्लीहून माणसं आली तेव्हा सूत्रं माईआत्याच्या हातात होती. माईआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, राहायला कल्याणला, पण कुठल्याही घरात कार्य निघालं की आधी तिचा आवाज पोचायचा. मुलगा रेल्वेत, वडील नाहीत, आई करारी. त्या करारी बाईंनी पोहे खाल्ले, कोणी केले विचारलं. मुलीनेच, म्हणून आत्याने सांगितलं. पोहे बाबांनी केले होते आणि ते तिथेच, अगदी समोर, मान खाली घालून बसले होते. मग शिवणटिपण येतं का, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, येतं म्हणजे काय, अंगावरचा ब्लाउज तिनेच शिवलाय. आईने तोंड उघडलं तोवर आत्याने तिच्या हातात लाडवांचं ताट दिलं. तेव्हा अशी थाप कोणी थाप धरत नसे. मुलगी पसंत पडायची म्हणजे एवढं तेवढं बोलायचंच, असं सगळेच मानायचे. ताई मात्र पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत बसली होती.

रुखवत म्हणजे काय हे आता माझ्या सुनांना समजावून सांगावं लागतं. मुलीकडच्यांनी हॉलमध्ये एक लांब टेबल मांडायचं आणि त्यावर मुलीने स्वतः केलेल्या वस्तू ठेवायच्या: सुपाऱ्यांचे भटजी, लोकरीची तोरणं, कापसाचे ससे, भरतकामाच्या उश्या, शिवाय लाडू-चिवड्याची ताटं. मुलीच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. त्यातलं निम्मं मावश्यांनी, काकवांनी केलेलं असतं हे दोन्हीकडच्या बायकांना माहीत असतं, तरी सगळ्या जणी मान डोलावून मुलीचं कौतुक करतात. आणि टेबलावर मांडलेलं सगळं वरातीबरोबर मुलाच्या घरी जातं. हा शेवटचा नियम आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून तर मला आजपर्यंत कळत नाही की आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात त्या दिवशी तो कसा आला नाही.

कल्पना अर्थात आत्याची. नुसते ब्लाउज आणि झबली टोपडी ठेवून उठाव येत नाही, म्हणाली, मागे मशीन ठेवू, म्हणजे मुलगी शिवते हे लांबूनच दिसेल. आई नको म्हणाली. पण लग्नाच्या धांदलीत नको म्हणायचं तेवढं तिने आधीच म्हणून संपवलं होतं. संध्याकाळी परत आणायची आहे, एवढं बजावून ती गप्प बसली. बाबा आणि त्यांचे कारखान्यातले दोन मित्र यांनी मशीन तीन मजले खाली उतरवली, हॉलवर नेली. आत्याने तिला झेंडूचा हार घातला, सुईखाली लाल साटिनचा तुकडा अडकवला आणि वर ताईच्या नावाची चिठ्ठी डकवली. खरं सांगते, मशीन फार सुंदर दिसत होती. येणारी जाणारी बाई तिच्यापाशी थांबत होती. ताईच्या सासूबाई आपल्या नात्यातल्या बायकांना हाताला धरून आणून दाखवत होत्या.

पाठवणीच्या वेळी हॉलच्या दारात आईने ताईला कवटाळलं आणि ती रडायला लागली. आई कधी रडायची नाही, त्यामुळे तिला ते नीट येतही नव्हतं. मोठमोठ्याने, हुंदके देऊन रडत होती. मी तिच्या शेजारीच होते. ताईच्या खांद्यावरून आईला रस्ता दिसत होता. आणि एकाएकी आईचं रडणं थांबलं, अगदी मध्येच, नळ बंद केल्यासारखं. बायका म्हणाल्या, सावरलं हो बाईने. मी आईच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. नवऱ्याकडची चार पोरं मडमची मशीन आडवी करून टेम्पोत चढवत होती. गळ्यातला हार तसाच. एक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "अरे सांभाळून, वहिनीची मशीन आहे." बाबा पुढे झाले. आईने त्यांचा सदरा मागून पकडला. सदरा धरून ठेवला, आणि टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, मी उद्या जातो आणि सरळ सांगतो, गैरसमज झालाय, मशीन आमची आहे. आई म्हणाली, आणि मग शिवलेलं कोणाचं, तेही सांगा. बाबा बसले. रुखवतातलं परत मागायला गेलं म्हणजे सासरच्यांनी बोलायला आयुष्यभराचं मिळालं, आणि ऐकायचं कोणाला, तर सुलूला. सुलू म्हणजे ताई. आत्या कोपऱ्यात बसून, मी चांगल्यासाठीच केलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईने तिला जेवायला वाढलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती आत्याशी ताटातल्या पदार्थांपलीकडे बोलली नाही. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे चार गंजके डाग होते. मी ते पुसायला गेले तर बाबा म्हणाले, असू दे.

लग्नसराई चालू होती. कापून ठेवलेले ब्लाउज गाठोड्यात तसेच होते. माजिवड्याच्या पाटीलकाकू लेकीचे ब्लाउज न्यायला आल्या आणि रिकाम्या खिडकीकडे बघतच राहिल्या. "मशीन कुठं हाय गो तुजी? माजे पोरीची हलद आली." आईने सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. मग ती आणि बाबा दोघं मिळून हाताने शिवायला बसले. बाबांच्या फिटरच्या बोटांत सुई मावायची नाही, पण ते हेम घालायला शिकले. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेजारची रेडिओवरची गाणी स्पष्ट ऐकू यायची आणि आई मध्येच पाय हलवायची, पायडल नसताना.

मांडवपरतणीला ताई माहेरी आली. नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि एक फुगलेली कापडी पिशवी. आईने तिला पाटावर बसवलं, औक्षण केलं. ताईने पिशवी उपडी केली तर आतून ब्लाउजपीस पडले, सुतीही होते, रेशमीही, आणि प्रत्येकाला मापाचा एकेक जुना ब्लाउज पिनने लावलेला. सासूबाईंनी बिल्डिंगभर सांगून टाकलं होतं की आमची सून शिवते. ताई रडत नव्हती. तिचं तोंड नुसतं पांढरं पडलं होतं. "आई, मला सुईत दोरा कुठून घालायचा तेपण माहीत नाही गं," ती म्हणाली. आम्ही सगळे त्या ढिगाकडे बघत बसलो. जिथे मशीन होती तिथे शिवणारं कोणी नव्हतं, आणि जिथे शिवणारी होती तिथे मशीन नव्हती.

मग जे सुरू झालं ते आज सांगताना मलाच खोटं वाटतं. ताईकडे आलेले ब्लाउज आई वर्तकनगरला हाताने शिवायची. इतक्या बारीक धावदोऱ्यावर उलट टीप घालायची की मशीनची टीप वाटावी. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी ठाकुर्लीला जायचे, ताई भाजी आणायच्या निमित्ताने स्टेशनबाहेर यायची आणि मेथीच्या जुडीखालून आम्ही पिशव्यांची अदलाबदल करायचो. मी एकदा विचारलं, तू मशीनवर बसत नाहीस हे सासूबाईंना कळत नाही का? ताई म्हणाली, बसते ना. दुपारी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, सुईत दोरा न घालता, खाली कापड न ठेवता, नुसतं पायडल मारत राहायची. बाहेर सासूबाई पाय पसरून डाळ निवडत आवाज ऐकायच्या आणि समाधानाने शेजारणीला हळू बोलायला सांगायच्या. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने डोक्याला हात लावला. ताईची दया येऊन लावला असं मला वाटलं. पण ती म्हणाली, रिकामी चालवते? आणि तेल कोण घालतंय तिला?

संक्रांत आली. ताईची पहिली संक्रांत, म्हणून सासूबाईंनी थाटात हळदीकुंकू ठेवलं आणि आई आणि मी तिळगूळ, वाण घेऊन ठाकुर्लीला गेलो. ताई काळी चंद्रकळा नेसली होती. अंगावर हलव्याचे दागिने, मुकुट, हार, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र. खोलीत बायका मावत नव्हत्या. भिंतीशी मडमची मशीन होती, तिच्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर हळदीकुंकवाचं तबक. आईने आत शिरताच आधी तिकडे पाहिलं आणि मग लेकीकडे. मला वाटतं दोघीही तिला जरा वाळल्यासारख्या वाटल्या असाव्यात.

कोणा एका बाईंनी ताईच्या हातच्या ब्लाउजचं कौतुक केलं. काय नेमकी टीप आहे, मशीनची वाटतच नाही, इतकी सुबक. सासूबाईंना भरून आलं. त्यांनी तबक उचललं, रुमाल काढला आणि म्हणाल्या, सुलभा, दाखव गं यांना, बस जरा. ताई म्हणाली, नंतर. सासूबाई म्हणाल्या, नंतर कसली, सगळ्या आत्ता आल्यात. कुणीतरी सुईत दोरा ओवून दिला, हातरुमाल पुढे केला, नुसती कडेने टीप मार म्हणून. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आज शपथेवर सांगेन. त्यांना सून मिरवायची होती, एवढंच. मी आईचा हात धरला. 

ताई बसली. रुमाल सुईखाली घातला, उजव्या हाताने चाक फिरवलं, पाय दाबले. चाक उलटं फिरलं. खाली दोऱ्याचा गुंता झाला, रुमाल अडकला. तो सोडवायला तिने डावं बोट आत घातलं, आणि घाबरून पाय पुन्हा दाबला. मशीनचा एकच ठोका ऐकू आला. ताई ओरडली नाही. नुसती बसून राहिली, समोर बघत, आणि तिच्या बोटाच्या नखातून सुई आरपार गेलेली होती. बायकांना काय झालं तेच कळलं नाही. काळ्या साडीवर रक्त दिसत नाही. हलव्याच्या पांढऱ्या बांगडीवर लाल ठिपका दिसला तेव्हा कुणीतरी अगंबाई म्हणालं.

आई बायकांच्या मधून वाट काढत गेली. तिने आधी ताईचे पाय पायडलवरून उचलून बाजूला ठेवले. मग डावा तळवा मशीनच्या त्या गुळगुळीत जागेवर टेकला आणि उजव्या हाताने चाक केसभर, केसभर फिरवलं. सुई वर आली. आईने पदर बोटाला गुंडाळला, गच्च धरला, आणि दुसऱ्या हाताने, मला वाटतं तिच्याही नकळत, खालचं झाकण सरकवून बॉबिन काढली, गुंता सोडवला, बॉबिन परत बसवली. सगळ्या बायका आता तिच्या हाताकडे बघत होत्या. ताईच्या सासूबाईही. 

"मला शिवता येत नाही," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सगळं आईचं आहे. तुमचे ब्लाउज पण तिनेच शिवलेत. हातानं."

आई आता हात जोडेल, पोरीला सांभाळून घ्या म्हणेल, असं मला वाटलं. त्या काळी मुलीची आई दुसरं काय करायची? सासूबाईंनी तबक खाली ठेवलं. त्यांचा चेहरा अपमानाने लाल झाला होता; ज्या बायकांना त्यांनी सुनेच्या कौतुकाने बोलावलं होतं त्यांच्यासमोर त्या उघड्या पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीन घेऊन जा. मुलगीही घेऊन जा. जे येतं म्हणून सांगितलंत ते शिकवा, आणि मग पाठवा." मुलगीही घेऊन जा, हे शब्द मी सिनेमात ऐकले होते, घरात कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. आईने ताईला उठवलं आणि दारातल्या एका मुलीला विचारलं, इथे टेम्पो कुठे मिळतो गं?

मुंब्र्याच्या रस्त्याने आम्ही टेम्पोच्या मागच्या भागात बसून आलो. मशीन दोरीने बांधलेली, तिला टेकून आई, आणि समोर ताई, डोक्यावर हलव्याचा मुकुट, बोटाला आईच्या साडीची चिंधी. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. कळव्याच्या आसपास ताईने बांगडीतला एक हलवा तोडून तोंडात टाकला, दुसरा मला दिला. आम्ही दोघी हलवा खायला लागलो. धक्क्याने माणसाला भूक लागते हे मला त्या दिवशी कळलं. आईनेही हात पुढे केला. घरी पोचलो तोवर एका बांगडीची नुसती तार राहिली होती. बाबांनी दार उघडलं, ताईकडे पाहिलं, मागून हमाल वर आणत होता त्या मशीनकडे पाहिलं. आई चप्पल काढत म्हणाली, "रुखवत परत आलंय." आणि खुर्चीत बसली.

भावोजी संध्याकाळी कामावरून तसेच आले, खांद्याला डब्याची पिशवी. मी ड्युटीवर गेलेलो, मला काहीच माहीत नाही, घरी आल्यावर कळलं, असं ते दारातूनच म्हणाले. भला माणूस. ताईचं बोट बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने त्यांना चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की विहीणबाईंनी शिकवून पाठवा म्हटलंय आणि मी शिकवणार नाही. आता काय ते तुम्ही ठरवा. भावोजी चहा न पिताच बसून राहिले. ताई म्हणाली, तुम्ही जा आज.

दुसऱ्याच दिवशी माईआत्या आली आणि म्हणाली, तू मुलीचं घर मोडतेयस, महिनाभर बसव तिला मशीनवर, चार ब्लाउज येऊ देत, विषय संपला. बाबाही दबक्या आवाजात तेच म्हणाले. आणि चार दिवसांनी ताईनेही म्हटलं, "शिकव ना गं आई. ब्लाउजपुरतं." लग्नानंतर इतक्या लवकर माहेरी येऊन राहिलेली मुलगी म्हणजे काय, हे जिन्यातून वर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या नजरेत तिला दिसत होतं. ती खिडकीपाशी जायची बंद झाली होती. आईने मशीन थांबवली.

"तुला येत नाही ते मी मुद्दाम केलंय," ती म्हणाली. "येतं म्हटलं की बसवतात. मला येत होतं, मी बसले. माझं मी बघितलं. तू ऑफिसात जाणार आहेस."

ताईला राग आला. मला आठवतंय, तिने हातातला पेला आपटला आणि म्हणाली, मग मला तसं आधी सांगायचं. आई म्हणाली, सांगायला हवं होतं. आणि पुन्हा मशीन सुरू केली. ती हावरट नव्हती तर. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि लहानपणीचा तो पाठीतला धपाटा मला आत्ता कुठे लागल्यासारखा झाला. आज ताई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन डोंबिवलीत मजेत राहते, पण तेव्हा तिच्यापुढे काही दिसत नव्हतं आणि आईवर विश्वास ठेवायला तर अजिबातच जागा नव्हती. घरात तिघं एकीकडे आणि आई एकटी एकीकडे. मीसुद्धा तिघांतच होते.

रथसप्तमी होऊन गेली. भावोजी सुट्टीच्या दिवशी यायचे, बसायचे, जायचे. मग एका रविवारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आईसमोर ठेवलं. आत जांभळा ब्लाउजपीस होता आणि त्याला पिनने लावलेला एक जुना ब्लाउज. भाचीचं लग्न आहे, आमच्या आईला शिवून हवाय, तुमच्याकडूनच, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. माफीबिफी कोणी मागत नसे तेव्हा, पण मापाचा ब्लाउज पाठवणं म्हणजे काय ते न कळायला कोणी दूधखुळं नव्हतं. बाबा तर लगेच उठून गॅसपाशी गेले, शिऱ्याचा रवा काढायला. आईने तो जुना ब्लाउज उलटा केला, शिवणी बघितल्या, पुन्हा सुलटा केला आणि कागदात गुंडाळला.

"मी मापाच्या ब्लाउजवरून शिवत नाही," ती म्हणाली. "बाई स्वतः समोर लागते."

मी आ वासून बघत राहिले. भावोजींच्या डोक्यावरच, खिळ्याला, दुसऱ्या बायकांचे मापाचे ब्लाउज लटकत होते. आई आयुष्यभर त्यांच्यावरूनच शिवत आली होती. भावोजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पुडकं घेऊन गेले. बाबांनी रवा परत डब्यात ओतला. त्या आठवड्यात घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. ताई तर आईकडे पाठ करूनच बसायची. संपलं आता, असं मला वाटत होतं, आणि हे आईने स्वतःच्या हाताने संपवलं, हे मला पचतच नव्हतं.

पण ताईच्या सासूबाई आल्या. दुपारची वेळ होती. तीन मजले चढून दम लागला होता, कपाळावर घाम, हातात तेच वर्तमानपत्राचं पुडकं. ताई आतल्या खोलीत गेली आणि दाराआड उभी राहिली. आईने पाणी दिलं, त्या घोटभर प्यायल्या. चहाला नको म्हणाल्या. आईने गळ्यातली टेप काढली आणि मला वही घेऊन बसायला सांगितलं. ताईच्या सासूबाई आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध, खिडकीकडे तोंड करून, हात बाजूला धरून उभ्या राहिल्या. आईने खांद्याचं माप घेतलं, पाठीचं घेतलं. मी आकडे लिहीत होते.

"सुलभाला न्यायला आलेय," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

"तिला शिवता येत नाही," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"येणारही नाही. मशीनही इथेच राहील."

आईची टेप त्यांच्याभोवती गुंडाळलेली, दोन्ही टोकं आईच्या चिमटीत, आणि त्या ताठ उभ्या, छाती भरून घेतलेली.

"बरं," त्या म्हणाल्या.

"श्वास सोडा, विहीणबाई," आई म्हणाली. "असं रोखून माप दिलंत तर ब्लाउज अंगाला बसायचा नाही."

त्यांनी श्वास सोडला. आईने टेप थोडी आत ओढली, आकडा वाचला आणि मला लिहून घ्यायला सांगितला.